नळी हातभर लांब

त्या दसऱ्याला कोन कोन व्हतं, ते आधी सांगते. मी व्हते, ठकूबाई. माझी सून मीरा व्हती. वॉशिंग सेंटरवाला बंटी व्हता. दुसऱ्या दिवशी शेजारचा यूसुफभाई पेंटर आला, रियाची आई आन् रिया आली, मीराचा भाऊ दगू कळवनहून आला. आन् आमची शाळेची गाडी व्हती, सगळं तिच्यावरूनच झालं. माझा पोरगा रघू नव्हता. त्याला जाऊन वरीस व्हायला आलं व्हतं. पन त्याचा हात त्या गाडीवर फिरलेला व्हता, म्हनून त्यालाबी मी त्यांच्यातच धरते.

त्या दसऱ्याला काही वरसं झाली, आता परत दसरा आलाय. नाक्यावर झेंडूच्या राशी पडल्यात. बंटीच्या सेंटरपुढं गाड्यांची रांग पार वडाळ्याच्या वळनापातूर गेलीय, आन् मशीन सकाळपासून घर्रर्र करतंय. लोकं चार महिने चिखलात गाडी तशीच पळवत्यात, आन् खंडेनवमी आली की म्हनत्यात, आज नवरीसारखी करून दे. मी उंबऱ्यात बसून हार ओवते. तो आवाज कानात घुसला की माझा सुईचा हात थांबतो. मीरा म्हनती, "आत्या, बोट टोचून घ्याल." ती हे सगळं लिहून घेती, मी सांगते. मी दुसरीपातूर शिकले, तेबी पावसाळा सोडून.

आमी पेठकडचे, डोंगरातले. तिकडं पाऊस पडतो म्हंजी डोंगर दिसत नाय. जिथं नागली, म्हंजी नाचनी, उभी असती, तिथली माती त्या पावसातबी जागची हालत नाय, मुळं धरून बसत्यात. आन् जिथं उघडी जमीन, तिथं एका धारेत खाली दगड. पानी दोन्हीकडं तेच. लहानपनी आईनं हे दाखवलं व्हतं, रोप लावताना. मी तवा काय मनात ठेवलं नाय. थंडीनं बोटं वाकडी झाली व्हती, एवढंच ध्यानात हाय.

मंग लग्न झालं, आन् द्राक्षाच्या कामाला खाली आलो. दर साली यायचो आन् जायचो. एका साली नवऱ्याला मळ्यावरच ताप भरला, आन् तो परत डोंगर चढलाच नाय. मी बी मंग नाय चढले. रघूला बांधावर झोपवायचे आन् घड खुडायचे. द्राक्षाच्या मन्यावर एक पांढरी लव असती, पिठावानी. बोट लागलं तरी पुसती. फवारनीवाल्यानं नळी जवळ धरली तरी जाती, आन् मंग घड कितीबी गोड असू दे, व्यापारी बाजूला टाकतो. मळ्याचा मालक दिवसभर ओरडत असायचा, "लांबून! लांबून मार रे!" त्याचा तो आवाज माझ्या कानात असा बसला, की झोपेतबी मी लांबूनच मारायचे.

रघू मोठा झाला तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवत. लग्न झाल्यावर त्यानं ही जुनी व्हॅन घेतली, पांढरी. इंदिरानगरातली पोरं शाळेत सोडायची म्हनून. शाळेच्या गाडीला पिवळा रंग पायजे, नायतर गेटातून आत घेत नायत. गॅरेजात रंगवायचं परवडत नव्हतं. मंग मे महिन्यात रघूनं दुकानातून दारं-खिडक्यांना लावत्यात तो ऑइलपेंटचा डबा आनला आन् ब्रश आनला.

मीरा म्हनली, "अहो, हा दाराचा रंग हाय."

तो म्हनला, "लोखंडाच्या दाराला चालतो ना? मंग ही काय लाकडाची हाय?"

त्यानं गाडी धुतली, पुसली, आन् तशीच गुळगुळीत अंगावर रंग मारला. मी डबा धरला, मीरानं काचांना पेपर चिकटवले. ऊन असं, की ब्रश वळवायच्या आत रंग सुकायचा. शेवग्याच्या झाडाखाली दोन दिवस ते काम चाललं. लांबून बघितलं तर गाडी हळद लागल्यावानी दिसायची. जवळ गेलं की ब्रशाच्या रेघा दिसायच्या, आडव्या-उभ्या. जूनमधी पोरं बसली आन् पैल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, रेघावाली गाडी. रिया तवा बालवाडीत. ती दारातून चढताना बोटानं एक एक रेघ धरत आत जायची.

त्याच साली रघूला कावीळ झाली. पोटात गेली. दिवाळी झाली आन् तो गेला. दवाखान्याचं काय सांगू, ज्याला ठावं त्याला ठावं.

मीरा महिनाभर बसून राहिली. एक दिवस उठली, किल्ली घेतली, आन् गाडीत जाऊन बसली. नुसती बसली. दुसऱ्या दिवशी चालू केली. रघूनं तिला शिकवली व्हती तशी, मागच्या मैदानात, लायसनबी काढून दिलं व्हतं. पन पोरं घेऊन जायचं म्हंजी येगळं. पैल्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले. मला तरी काय येतंय? पन कुनीतरी बसायला पायजे. सिग्नलला गाडी बंद पडली. मागनं एकजन ओरडला, "ओ ताई, पोळ्या लाटा घरी!" मीरानं काच खाली केली आन् म्हनली, "लाटूनच आले, दादा. तुमी जेवले का?" तवा मी मनात म्हनले, चालवंल ही.

तर तिचा पैला दसरा. नवमी शुक्रवारी आली व्हती, शनिवारी दसरा, रविवार सुट्टी, सोमवारी शाळा. शुक्रवारी पोरं सोडून मीरा म्हनली, औंदा गाडी बंटीकडं धुवू, सनाची. इतके दिवस आमी बादली-फडक्यानंच धुवायचो.

बंटी घाईत. त्याच्या अंगावरून पानी निथळत व्हतं. "या या मीराताई. आयला, चिखल बघा! सगळं शेतच उचलून आणलंय काय, मावशी?"

मी म्हनले, "आनलंय. नागली पेर त्याच्यात."

हसला. फेस मारला, गाडी पांढरीफेक झाली. मंग नळी घेतली. वरून, काचांवरून पानी चांगलं गेलं. खाली चाकाच्या वरच्या कमानीला चिखल वाळून दगड झालेला. तो निघंना, म्हनून त्यानं नळीच्या बंदुकीचं तोंड पार वीतभर जवळ नेलं. तिथं आधीच रस्त्यावरचा खडा उडून रंगाचा टवका गेलेला व्हता, रुपायाएवढा. पानी त्या टवक्यातून रंगाच्या खाली शिरलं. भाकरीचा पापुद्रा कसा फुगून सुटतो, तसा रंग फुगला आन् सुटला. कमानीवरून दारावर, दारावरून मागं. बंटीनं बंदुकीवरचं बोट काढंपातूर अर्ध अंग उघडं. नालीतून पिवळे तुकडे वाहत चालले. रांगेतला एकजन म्हनला, "हार वाहून चालला वाटतं कुनाचा."

मशीन बंद झालं. बंटी म्हनला, "मीराताई, देवाशप्पथ, मी रोज अशाच धुतो. ओरिजिनल रंगाला काय होत नाही. हे... हे काय आहे?"

त्याला तरी काय ठावं? आमालाच ठावं नव्हतं, की तो रंग गाडीला धरून नव्हता. नुसता अंगावर पांघरलेला व्हता.

मीरा ओरडली नाय. वाकली, नालीच्या जाळीवरून एक तुकडा उचलला, तळहाताएवढा. त्याच्यावर रेघा व्हत्या. पुसला, पदरात बांधला आन् गाडी घरी घेऊन आली. तिनं पालकांच्या ग्रुपवर टाकलं, गाडीचा रंग गेलाय, सोमवारी येनार नाय. लगेच रियाच्या आईचा फोन. त्या बाई कामावर जात्यात, सगळ्या पालकांचं त्याच बघत्यात. फोनातला आवाज मोठ्यानं येत व्हता, मला ऐकू आलं.

"मीराताई, मला वाईट वाटतंय, पण पिवळी नसेल तर गेटवर सोडणार नाहीत. सोमवारसाठी दुसरी व्हॅन बघावी लागेल. आणि खरं सांगते, एकदा दुसरी लागली की मुलं परत बदलत नाहीत हो."

खरं बोलल्या. खरं बोलनाऱ्यावर राग धरून काय उपयोग?

मंग दगूचा फोन. तो लय दिवसांपासून म्हनत व्हताच. "गाडी इकी टाक, बाई, आन् घर ये. उद्या सोनं द्याला येस, तवाच घी जास." म्हंजी उद्या येतो आन् तुला घेऊनच जातो. मीरा हूं म्हनली, नाय म्हनली नाय.

संध्याकाळी ती भाकऱ्या टाकत व्हती. मी म्हनले, "जायचं तर दिवाळी करून जा."

"आन् तुमी?"

"मला काय झालं? डोंगर उतरून आले तशी चढून जाईन."

तिची भाकरी करपली. तिची भाकरी कधी करपत नाय. मी गुमान खाल्ली.

सकाळी दसरा. यूसुफभाईचं पत्र्याचं शेड आमच्या भिंतीला लागून हाय. मी उठून आधी तिकडंच गेले. तो खुर्चीत च्या पीत बसलेला. त्याच्या कामगारांनी कंप्रेसरला झेंडूचा हार घातलेला, रंगाच्या गनला हळदकुंकू लावलेलं, पुढं नारळ फोडलेला.

"मावशी, गाडी बघितली मी," तो म्हनला. "तो रंग नव्हता, पापड होता. खाली घासलंच नाही कोणी. गुळगुळीतवर रंग पकडत नाही. आता सगळा काढायचा, पुरी गाडी घासायची, मग प्रायमर, मग रंग."

"सोमवारच्या आत?"

"मारायला टाइम लागत नाही. उद्या एका दिवसात मारतो, पैसे हप्त्यानं द्या. पण घासणार कोण? पोरं सणाला गावी गेली. आणि आज मशीन पूजेला बसलं. हार घातलाय, उद्यापर्यंत कोणी हात लावणार नाही. मी पण नाही लावणार, पोरांना शब्द दिलाय."

मी त्या हाराकडं बघितलं. खरंच व्हतं. दसऱ्याला हत्यार चालवत नाय. आमच्या घरीबी कोयता-विळा पाटावर मांडलेला व्हता.

मी म्हनले, "यूसुफभाई, हत्यारं पूजेला बसली. हात कुठं बसल्यात?"

तो हसला, उठला, आन् आतून पॉलिश पेपरचा गठ्ठा घेऊन आला. "पाण्यात भिजवून घासा. जोर नको, सारखं फिरवा. नख अडकलं पाहिजे असं खरखरीत करा."

आमी दोघी सुरू झालो. पानी लावायचं, कागद फिरवायचा, पुसायचं, परत. रघूचा रंग पिवळ्या चिखलावानी हातावर यायचा. तासाभरात एक दार झालं. गाडी मोठी दिसाया लागली, घर रंगवायला घेतल्यावर भिंत मोठी दिसती तशी. दोघींच्यानं व्हनार नाय, हे दोघींनाबी कळत व्हतं.

दुपारून लोकं सोनं द्यायला यायला लागली. आपट्याची पानं घेऊन, नवे कपडे घालून. सनाला एकमेकांच्या दारी जायचंच असतं, मंग मनात काय का असंना. रियाची आई आली, हिरवी साडी, गजरा. रिया बोटाला. आईनं मला पान दिलं, पाया पडली, आन् गाडीकडं बघत उभी राहिली.

"आजी, मी आत्ताच दुसऱ्या व्हॅनवाल्याशी बोलून आले," ती म्हनली. "लपवत नाही."

"बरं केलं," मी म्हनले. "पोरांची शाळा थांबाया नको."

"तुम्ही दोघीच करताय हे?"

"आमच्याकडं सावड असती," मी म्हनले. "आज तुमी माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. इथं शहरात कुनाचं शेत, आन् कुनाला बोलवायचं?"

मी टोमना मारला नव्हता, जे व्हतं ते सांगितलं. पन रिया तवर बादलीत हात घालून बसली व्हती. कागद घेऊन तिनं चाकाशेजारी घासायला घेतलं, तिच्या नव्या फ्रॉकावर पिवळं पानी. तिची आई "अगं, अगं" करत खाली वाकली, तिला उठवायला. उठवलं नाय. गजरा काढून आरशाला अडकवला, पदर खोचला, आन् म्हनली, "मलाही द्या एक कागद."

मंग तेच व्हत गेलं. जो सोनं द्यायला आला, त्यानं पान दिलं आन् कागद घेतला. रियाच्या आईनं फोनवर चार बाया बोलवल्या. एकीचं नख तुटलं, ती म्हनली, "पार्लरमध्ये माझा चेहरा घासतात, आज मी वसूल करतेय." बंटी आला, हातात बादली. "मावशी, माझंपण मशीन पूजेला. हातानं पाणी घालतो." मी म्हनले, "घाल. लांबून घाल." सगळे हसले, तोबी हसला, पन कान लाल झाले त्याचे.

चार वाजता दगू आला, कडक पांढरा शर्ट. दारातूनच म्हनला, "सामान बांधलं का, बाई?"

मीरा काय बोलायच्या आत मी म्हनले, "दगू, तू उंच हायेस. टप घास."

त्यानं माझ्याकडं बघितलं, बहिनीकडं बघितलं. बहीन घासत व्हती आन् हसत व्हती, वर्षानं. त्यानं शर्ट काढून शेवग्याला टांगला, स्टूल घेतलं, आन् दिवस मावळंपातूर टप घासला. सामानाचं परत कुनी इचारलं नाय.

मीरा सरकत्या दारापाशी आली आन् थांबली. त्या दाराच्या आतल्या कडेला पानी पोचलं नव्हतं. तिथं रघूचा रंग तसाच, रेघांसकट. एका जागी ब्रशाचा केस रंगात अडकून सुकलेला. तिनं कागद धरला, पन हात हालंना. यूसुफभाई मागं उभा व्हता. त्यानं पेपरची पट्टी फाडली, टेप लावला आन् ती कड झाकून टाकली. "भाभी, इथं रंगाचं मशीन जात नाही," म्हनला. जात व्हतं. माझ्या देखत त्यानं दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारीच मशीन फिरवलं.

रविवारी हार उतरवला आन् रंग मारला. सोमवारी सकाळी गाडी निघाली. वास असा, की पोरं नाकाला रुमाल लावून बसली. रियाच्या आईनं दुसऱ्या व्हॅनवाल्याला आमच्यासमोर फोन करून नाय म्हनून सांगितलं. रिया दारात थांबून म्हनली, "आजी, रेघा कुठं गेल्या?" मीरानं दार सरकवून आतली कड दाखवली. पोरीनं त्याच्यावर बोट फिरवलं, तवा आत चढली.

आजबी ती तशीच चढती. मोठी झाली, दप्तर तिच्याहून जड झालं, पन बोट फिरवती. दगू सोनं द्यायला दर दसऱ्याला येतो, आता जुना शर्ट घालून येतो, म्हनतो, काय सांगावं, मावशी परत टप घासायला लावंल.

यूसुफभाईनं तवा बजावलं व्हतं, नव्या रंगाला बरेच दिवस मशीनचं पानी लावायचं नाय, तो वरून सुकतो, आतून ओला असतो. मी रोज पहाटं बादलीनं धुतलं. बंटी आता कुनाचीबी गाडी आली की आधी भवती फेरी मारतो, वाकून वाकून बघतो, इचारतो, "रंग कंपनीचा, का नंतर मारलाय? कुठं टवका?" परवा एकजन त्याला म्हनला, "गाडी धुतो का मुलगी बघायला आला?" बंटी म्हनला, "मुलगीच समजा. एकदा पापुद्रा सुटला की सासरी नांदत नाही."

मी कधी इचार करते. रंग गेला म्हनून आमी किती हळहळलो. तो न जाता, तर त्या बाया माझ्या दारात कधी बसल्या असत्या? पन म्हनून जोरानं पानी मारनं बरं, असं मी म्हननार नाय. नुकसान ते नुकसान. नागलीचं नवं लावलेलं रोप वाहून गेलं, तर चांगलं झालं असं मी कधी म्हनले नाय. परत लावलं, एवढंच.

हार झाला ओवून. मशीन अजून चालूच हाय. आमची गाडी उद्या खंडेनवमीला जाईल बंटीकडं, औंदा पैल्यांदा परत.

तुमच्याकडं एकच मागनं. गाडी धुवायला न्याल, तर आधी तिच्याभवती एक फेरी मारा, टवका असंल तिथं बोट ठेवून दाखवा, आन् म्हना, नळी हातभर लांब धर बाबा, घाई नाय. आन् कधी पिवळ्या व्हॅनचं दार उघडं दिसलं, आतल्या कडेला ब्रशाच्या रेघा दिसल्या, तर तिथं पानी मारू नका. तेवढं मी फडक्यानं पुसते.